दोन नळ्यांतलं आभाळ

५ जून

संदेशभावजी,

मायना काय घालावा ते सुचलं नाही, म्हणून नावावरच थांबले. तुम्ही फोनवर "हं" म्हणता आणि ठेवता. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दाखवता आणि गप्प बसता. पत्राला ती सोय नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. वाचलंत तर वाचलंत, नाहीतर निदान मला कळायचं नाही.

वाडीतल्या गौरवच्या हाती पाठवलेला डबा पोचला. तिकडे विशाखापट्टणमच्या बंदरात त्याला तुम्हीच चिकटवलंत, तेव्हा पोरगा तुमच्या शब्दाबाहेर नाही. उंबऱ्यात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, काकी, काकांच्या खांद्यासाठी आहे, पण डबा तुमच्याच हातात द्यायचा असं साहेबांनी सांगितलंय, काकांच्या नको. तुमचे दादा तिथेच पडवीत झोपाळ्यावर चहा पीत होते. बशी खाली ठेवून आत निघून गेले. खांद्याचं तुम्हाला मी कळवलं, हे मी त्यांच्यापासून वर्षभर लपवून ठेवलं होतं. गौरवने ते एका वाक्यात उरकलं.

डबा उघडला तर कापडात गुंडाळलेली दोन नळकांडी. बोटभर लांब, गुळगुळीत, एका टोकाला कड. मला वाटलं, तुमच्या जुन्या जहाजाच्या इंजिनाचा काहीतरी भाग चुकून आला. मग चिठ्ठी वाचली. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडून चालल्यासारखं. समजलं ते असं, चुकत असेन तर सांगा (म्हणजे तेवढ्यासाठी तरी बोला): बंदुकीत काडतूस जिथे बसतं तिथे हे इन्सर्ट बसवायचं, की आपल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीतून वीस बोअरचं लहान काडतूस उडतं. धक्का बराच कमी बसतो. शिकारीचं सोडा, पण सड्यावरच्या मोकळ्या कातळावर हवेत फेकलेल्या चकत्या फोडायला पुरे. आणि खाली दोन रेघा मारून लिहिलंत की लाल आणि पिवळी काडतुसं चुकूनसुद्धा एकत्र ठेवायची नाहीत. पिवळं म्हणजे वीसचं. ते इन्सर्ट नसलेल्या नळीत घातलं तर घसरून पुढे जाऊन अडकतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि मागून लाल घालून चाप ओढला की बंदूक हातातच फुटते.

चिठ्ठी मला. दादांना एक अक्षर नाही. शाबास.

तुम्हाला तेव्हा त्रोटकच कळवलं होतं, म्हणून आता नीट सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात आंबे काढायला झेला घेऊन शिडीवर चढले आणि शिडीसकट खाली आले. चिपळूणला उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बारा बोअरचा धक्का आता या खांद्याला जन्मात द्यायचा नाही. झालं. आबांनी आणि केरूभाऊंनी मिळून सड्यावर ते नेमबाजी मंडळ काढलं, तेव्हापासून या माणसाचा एक रविवार तिथून चुकला नव्हता. आता रविवारी घरी बसतात आणि माझ्या मिक्सरचा आवाज कसा कमी करता येईल ते मला शिकवतात. नारळ मी चुकीच्या बाजूने फोडते म्हणे. तीस वर्षं फोडते आहे.

ते जाऊ दे. खरी गोष्ट ही की त्यांनी बंदूक विकायला काढली आहे. "उडवायची नाही तर पुसायची कशाला," म्हणतात. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक बघणार. ती आबांची बंदूक आहे, भावजी. घर दादांच्या नावावर, बाग दोघांची कागदावर, पण तुम्ही दोघांनी हातात धरलेली अशी ती एकच वस्तू. ती गेली की तुम्हाला या घरी यायला कारणच उरणार नाही आणि ह्यांना तुमचं नाव काढायला. दोघांनाही ते बरंच वाटेल. मला वाटणार नाही.

इन्सर्ट त्यांना दाखवली. हात लावला नाही. म्हणाले, "माझ्या बापाच्या बंदुकीला कुबड्या लावणार नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुम्ही दोघे एकाच दोरीचे, मला काय कळायचं आहे.

तुमची वहिनी
सावित्री

१४ जुलै

संदेशभावजी,

एवढ्या पत्रावर तुमचं उत्तर काय आलं? योगिनीच्या फोनवरून एक अंगठा. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, तुझा अंगठा तुला परत.

काल रत्नागिरीला जाऊन आलो. आपल्या परवान्यावर बारा बोअर लिहिलेलं आहे, त्यामुळे वीसची काडतुसं दुकानदार देईना. कचेरीतून नोंद करून आणा म्हणाला. दादांना मी सांगितलं, नाहीतरी परवान्याचं नूतनीकरण आलंच आहे, चला. ते आले, पण कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसले. "नूतनीकरणाला सही लागली की हाक मार. कुबड्यांचं तुझं तू बघ."

मी आत गेले. बोअर ही गोष्ट उलटी असते हे मला या वयात कळलं, बारा मोठं आणि वीस लहान. पण टेबलामागच्या गृहस्थांना ते काही केल्या पटेना. त्यांचं म्हणणं, बारावरून वीसवर जाताय म्हणजे बंदूक मोठी करताय, तर एवढी मोठी बंदूक घरात कशाला हवी? मी म्हटलं, अहो, खांदा दुखतो म्हणून. ते म्हणाले, खांदा दुखतो आणि मोठी बंदूक? मी परत सांगितलं. त्यांनी परत विचारलं. बाहेर पाऊस असा की माझं निम्मं बोलणं पत्र्यावरच गेलं.

इतक्यात मागून आवाज आला. तुमचे दादा. बाकावरून सगळं ऐकत होते, आणि बंदुकीबद्दल कोणी चुकीचं बोललेलं त्यांना सहन होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. खुर्ची ओढून बसले आणि सुरू झाले. एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. तेवढ्याच शिशाच्या वीस केल्या तर गोळी लहान, म्हणून नळी लहान. मग इन्सर्ट म्हणजे काय, ते कुठवर जातं, धक्का का कमी होतो, विलायतेत म्हातारी माणसं आणि बायका यावर कशा चकत्या फोडतात, असं सगळं. एवढं त्यांना माहीत होतं! घरात मला कुबड्या म्हणून सांगणारा माणूस तिथे तुमच्या नळकांड्यांची अशी बाजू मांडत होता की जणू स्वतः घडवली आहेत. त्या गृहस्थांनी भीक नको पण कुत्रा आवर अशा चेहऱ्याने नोंदीचा अर्ज पुढे घेतला.

येताना गाडीत मी म्हटलं, मग आता घालून बघणार ना? तर म्हणाले, मी फक्त त्याची चूक दुरुस्त केली.

पण आज दुपारी मी नारळाच्या आगरातून आले, तर पडवीत बंदूक उघडून बसले होते आणि उजव्या नळीत तुमचं इन्सर्ट बसवत होते. अंगठ्याने दाबायचं, काढायचं, परत बसवायचं. मला बघितल्यावर म्हणाले, गंजतंय का ते बघत होतो. कापडात गुंडाळलेलं महिन्याभरात कसलं गंजतंय? मी आत जाऊन मोठ्याने मिक्सर लावला.

तुमची चिठ्ठी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, काडतुसं ठेवतात त्याच कपाटाला. ते दार उघडताना नजर दुसरीकडे करतात. तुमच्या अक्षराचा एवढा धाक मी पहिल्यांदा बघितला. म्हणून लाल-पिवळ्याचं ते सगळं मीच त्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. "ऐकलं," म्हणाले.

सावित्रीवहिनी

३ सप्टेंबर

भावजी,

काल गौरीगणपती गेले. तुम्ही आला नाहीत. सलग चौथं वर्ष.

मागच्या तीन वर्षांची कारणं मला पाठ आहेत. रजा नाही, मग योगिनीची आई, मग पुन्हा रजा नाही. यंदा तुम्ही कारणसुद्धा पाठवलं नाहीत. याला प्रगती म्हणायचं की काय? विशाखापट्टणमहून माणूस दोन दिवसांत येतो. गौरवला मिळते रजा, आणि त्याच्या साहेबाला मिळत नाही!

तुमच्या दादांचं ऐका. आरतीला वाडीतल्या पोरांनी झांजा वाटून घेतल्या, तर तुमची जोडी त्यांनी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. वाजवली नाही, कोणाला दिली नाही. दर दिवशी संध्याकाळी गुहागरची गाडी फाट्यावर थांबली की यांना पायरीवर काहीतरी काम निघायचं. विसर्जनाला खांदा दुखतो म्हणून पाट केरूभाऊंच्या मुलाने उचलला. हे मागून नुसते चालत होते. मला रडू आलं, आणि मग राग आला, कारण रडायला लावणारे तुम्ही दोघे आणि रडायला मी.

आता एकदाच सगळं लिहिते, नाहीतर आपण सगळे त्या गोष्टीला वळसा घालून म्हातारे होऊ.

आबा गेल्यानंतरचा पहिला मे महिना. तुम्ही रजेवर आला होतात. आबांचा नियम तुम्हाला माहीत होता, या घरात नांगराला हात लावण्याआधी तो नियम शिकवला जातो. एकदा कुंभारीण माशीने बंदुकीच्या नळीत मातीचं घर बांधलं होतं आणि आबांनी ते नशिबाने पाहिलं. तेव्हापासून बंदूक भरायची ती उघडून, वर धरून, दोन्ही नळ्यांतून आभाळ बघितल्यावरच. दर वेळी. दोन काडतुसांमध्ये सुद्धा. त्या दिवशी सड्यावर तुम्ही कोणाशी तरी हसत बोलत होतात आणि न बघताच काडतुसं घातलीत. दादांनी बंदूक तुमच्या हातातून काढून घेतली. केरूभाऊ, मंडळातले सगळे, तुमचे मुंबईचे मित्र, सगळ्यांसमोर ते म्हणाले, "ज्याला आभाळ बघायची आठवण राहत नाही, त्याच्या हातात आबांची कुठलीच वस्तू द्यायची नाही."

बंदूक म्हणाले असते तर तुम्ही गिळलं असतंत. "कुठलीच वस्तू" म्हणाले. आबांना जाऊन चार महिने झाले होते. संध्याकाळच्या गाडीने तुम्ही गेलात, माझी घावनं ताटात तशीच.

तुम्ही बघितलं नव्हतं हे खरं. आणि ते नको ते बोलले हेही खरं. यात निवाडा करण्यासारखं काय आहे, की त्याला चार वर्षं लागावीत? त्यांना चूक कळलेली आहे. पण बोललेला शब्द परत घ्यायची सोय त्यांच्या तोंडाला देवाने केलेली नाही. तुम्ही थोडी वाट वाकडी केलीत तर काय बंदर बुडणार आहे?

परवान्यावर नोंद झाली, पिवळी काडतुसंही आली, पण इन्सर्ट अजून सड्यावर गेलेली नाहीत. पाऊस संपला की बघू. बंदुकीला गुहागरचं एक गिऱ्हाईक येऊन गेलं. दसऱ्यानंतर सांगतो म्हणाले त्याला.

सा.

६ ऑक्टोबर

भावजी,

सगळे बरे आहेत, हे आधी लिहिते. दादांना काही झालेलं नाही.

दसऱ्याला नेहमीसारखी शस्त्रपूजा केली. कोयता, विळे, दादांची पाना-पक्कड, आणि मध्ये बंदूक. पूजा झाल्यावर एकदम म्हणाले, रविवारी सड्यावर जातो, एकदा बघतो तुझ्या त्या कुबड्या. तुझ्या म्हणाले, त्याच्या नाही. मला एवढा आनंद झाला की मीही येते म्हटलं. तीस वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. बायकांनी जाऊ नये असं कोणी म्हटलं नव्हतं, पण रविवारचा स्वयंपाक कोणी करायचा हेही कोणी म्हटलं नव्हतं.

काल सकाळी गेलो. सड्यावर गवत पिवळं पडायला लागलंय, खाली समुद्र. केरूभाऊंनी चकत्या फेकायचं यंत्र मांडलं, मला एक प्लास्टिकची खुर्ची दिली आणि कानात घालायला कापूस. मंडळातले सगळे खूश होते, रघूदादा आले म्हणून. मग तुमच्या दादांनी बंदूक उघडली आणि मी बघितलं, इन्सर्ट फक्त उजव्या नळीत.

मी विचारलं, दुसरं कुठे आहे? खिशात, म्हणाले. "एक नळी त्याची, एक आबांची. डावीकडे लालच घालणार." मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तर म्हणे पहिल्याच बारात चकती फुटली तर दुसरा बार काढायचाच कुठे आहे. आता या डोक्याला काय म्हणावं? तुम्ही खांद्यासाठी एवढं केलंत, आणि हा माणूस अर्धं घालून अर्धा मान राखतो आहे. तिथे माणसं होती म्हणून मी गप्प बसले. चुकलं माझं.

पहिल्या काही चकत्या छान फुटल्या. "सोड!" म्हणायचे आणि केरूभाऊ सोडायचे. आवाजसुद्धा हलका. चौथ्या का पाचव्या वेळी चेहऱ्यावर हसू आलं, भावजी. वर्षभरात बघितलं नव्हतं. खांदा चोळला नाही, वाकडं तोंड केलं नाही. मी मनात तुमच्या नावाने पेढे वाटले.

मग एक चकती चुकली. दुसरा चाप ओढला, डावीकडचा, तर नुसता खट्ट आवाज. त्यांनी बंदूक उघडली. उजवीकडून रिकामं काडतूस काढलं. डावीकडे बघितलं तर रिकामं. हसत केरूभाऊंना म्हणाले, म्हातारा झालो, डावीकडे घालायलाच विसरलो. आणि कमरेच्या पिशवीतून लाल काडतूस काढलं.

मला नेमबाजीतलं काही कळत नाही. मला फक्त दोन गोष्टी माहीत होत्या, तुमची चिठ्ठी आणि आबांचा नियम, कारण दोन्ही गोष्टी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलेल्या. आणि माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी बघते आहे, पण यांनी एकदाही बंदूक वर धरलेली नाही. एकदाही नाही.

मी खुर्चीवरून उठले. ओरडले नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आभाळ बघितलंत का?"

ते वळले. चारचौघांत मी असं विचारावं याचा राग आला होता, तो दिसला मला. "पहिल्या बाराला बघितलं."

"आता बघा."

"सावित्री, गप बस."

"मी गप बसते. तुम्ही बघा."

केरूभाऊ यंत्र सोडून पुढे आले. त्यांनी यांच्या हातातून काडतूस काढून घेतलं आणि हळूच म्हणाले, "रघू, वयनी सांगते हाय तर बघ ना एकदा. काय जातंय तुझं?"

यांनी बंदूक उचलली. खांद्यापर्यंत आली. त्याच्यावर गेली नाही. दात आवळून परत प्रयत्न केला आणि हात खाली आला. तेव्हा मला कळलं. हात वर जातच नव्हता. इतका वेळ न बघता भरत होते ते विसरले म्हणून नव्हे. बघता येत नव्हतं, आणि तसं सांगायचं नव्हतं. पहिल्या बाराला बघितलं तेही खोटंच.

मग केरूभाऊंनी बंदूक घेतली आणि वर धरली. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्यासमोर धरली, मी बघितलं. उजव्या नळीत आभाळ होतं, इन्सर्टमुळे जरासं लहान, पण निळं आणि स्वच्छ. डाव्या नळीत काळोख होता.

पिवळं काडतूस होतं. घाईत लालच्या जागी हातात आलं होतं, घसरून पुढे जाऊन बसलं होतं. जिवंत. आणि केरूभाऊंच्या मुठीत ते लाल.

केरूभाऊंनी बाकीच्यांना लांब नेलं आणि लाकडी काठीने पुढून हळूहळू ढकलून ते मागे काढलं. मला ते बघवेना. तुमचे दादा कातळावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. आपल्याच हातांकडे बघत होते. बोटं सगळी जागेवर आहेत की नाही असं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि मी शब्दाला शब्द लिहिते, कारण चार वर्षांपूर्वीचे जसे तुम्हाला आठवतात तसे हेही आठवावेत:

"संदेशला मी इथे बोललो होतो. तेव्हा मंडळातले जे जे होते ते आज आहेत. ते मी परत घेतो."

केरूभाऊ म्हणाले, "आमच्याकडं काय घेतोस परत? त्याला सांग."



सावित्री

११ ऑक्टोबर

भावजी,

यावेळी तुमचा फोन आला. मी उचलला आणि तुम्ही "वहिनी" एवढं म्हणून रडायला लागलात. मग मी रडायला लागले. तीन मिनिटं आपण दोघांनी बिल वाढवलं आणि बोलणं काहीच झालं नाही. शेवटी पत्रच बरं.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी गाळली. सगळा दोष दादांवर गेला म्हणून चार दिवस घशात अडकली होती. पिशवीत लाल आणि पिवळी एकत्र कशी आली, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी केली. दसऱ्याला तबकात झेंडूची फुलं मांडली आणि त्यांच्याभोवती काडतुसं, एक लाल एक पिवळं, एक लाल एक पिवळं. छान दिसत होतं. निरांजन लांब ठेवलं, तेवढी अक्कल होती. पूजा झाल्यावर फुलं निर्माल्यात टाकली आणि काडतुसं सगळी एका पिशवीत भरली. तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचून दाखवली होती आणि पिशवी भरताना समोर दारावर चिकटलेली होती! लोकांना शहाणपण शिकवायला मी पहिली.

काल ते दादांना सांगितलं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. ते म्हणाले, "तू भरलीस आणि मी बघितलं नाही. दोघांनी मिळून मारलं असतं मला." आणि हसले. मग मी चिडले. हसण्यासारखं काय आहे त्यात?

आता पिवळ्या काडतुसांची पिशवी वेगळी आहे, पांढऱ्या कापडाची, मी शिवली. लाल सगळी कुलपात. गुहागरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.

आज दुपारी तुमचे दादा कागद मागत होते. पेन चालत नव्हतं म्हणून माझ्यावर ओरडले. एवढ्याशा मजकुराला दोन तास लागले आणि मधे मला तीनदा चहा करायला लावला. मी वाचलेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं आहे. सोबत ठेवते.

वहिनी

चि. संदेश,

वहिनीने सगळं लिहिलंच आहे, ती काही ठेवत नाही.

तू पाठवलेली दोन्ही इन्सर्ट आता दोन्ही नळ्यांत आहेत. चांगली आहेत. डावं बसताना थोडं घट्ट जातं, तू येशील तेव्हा बघ.

मी तुला सड्यावर जे बोललो ते चुकीचं होतं. आबांची वस्तू कोणाच्या हातात द्यायची ते मी ठरवणारा कोण. तुझ्या हातून एकदा राहिलं. माझ्या हातून त्या दिवशी प्रत्येक वेळी राहिलं.

दिवाळीला मंडळाचे लोक सड्यावर जमणार आहेत. योगिनीला घेऊन ये. रजा नाही असं सांगू नको, गौरवकडून मी सगळं काढून घेतलं आहे.

बंदूक मी अजून उडवू शकतो. पण वर धरू शकत नाही. हात जात नाही. म्हणून तू माझ्या शेजारी उभा राहा. दर वेळी आधी तू आभाळ बघ. तू दिसतंय म्हणालास की मी भरीन.

दादा